घराच्या खिडकीला कोणते ब्लाइंड्स घ्यावेत?



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, साहेब, सैन्यातला माणूस आणि खिडकीचे पडदे? पण विचार करा. सैन्यात दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. कधी राजस्थानातल्या वाळूत, कधी पंजाबच्या धुक्यात, कधी किनाऱ्यावरच्या दमट हवेत, कधी डोंगरावर. प्रत्येक ठिकाणी सरकारी क्वार्टर मिळतं, आणि आत शिरल्यावर घरातली मंडळी पहिली गोष्ट विचारतात ती ही की, खिडक्या किती आणि कुठल्या मापाच्या? एका गावात शिवलेले पडदे पुढच्या गावात कधीच बसत नाहीत. त्यामुळे ऊन, धूळ, वारा आणि खिडकी यांचा हिशेब आमच्यासारख्यांना आपोआप कळायला लागतो.

शिवाय ही मालिका ऐकणारे तुम्ही देशभर पसरलेले आहात. कुणी इंदूरला, कुणी बडोद्याला, कुणी बेंगळुरूला, कुणी दिल्लीला, कुणी हैदराबादला. पुण्यातल्या बहिणीने घेतलेले ब्लाइंड्स छान दिसले म्हणून तेच दिल्लीत घ्यायचे, हे बरोबर ठरेलच असं नाही. म्हणून आज मी तुम्हाला कुठला ब्रँड घ्या ते सांगणार नाही. निवड कशी करायची ते सांगणार आहे.

सैन्यात कुठलाही निर्णय घेण्याआधी 'अप्रिसिएशन' करतात. आधी उद्दिष्ट काय ते ठरवायचं. मग परिस्थितीतले घटक बघायचे. मग उपलब्ध पर्याय मांडायचे. आणि शेवटी निर्णय. दुकानात शिरताना बहुतेक लोक हे उलटं करतात. आधी कॅटलॉगमधला रंग आवडतो, मग तो कुठे लावायचा ते ठरतं. आपण सरळ क्रमाने जाऊ.

पहिली गोष्ट, उद्दिष्ट. ही खिडकी झाकायची कशासाठी? कारणं पाचच असतात. ऊन आणि उष्णता अडवणं. बाहेरच्यांची नजर अडवणं. झोपेसाठी अंधार करणं. टीव्ही किंवा कॉम्प्युटरवर पडणारी तिरीप थांबवणं. आणि पाचवं, खोली चांगली दिसणं. प्रत्येक खिडकीसाठी यातलं मुख्य कारण एकच निवडा. फार तर दोन. पाचही हवेत म्हणाल, तर विक्रेता तुम्हाला सगळ्यात महागडी वस्तू दाखवेल आणि त्यातही पाचही गोष्टी नीट होणार नाहीत.

हे कसं ठरवायचं? त्याला रेकी करायची. नवीन घरात राहायला गेलात की लगेच ऑर्डर देऊ नका. आठवडाभर जुन्या चादरींवर भागवा. एका वहीत प्रत्येक खिडकीपुढे चार वेळा नोंद करा. सकाळी आठला, दुपारी एकला, चारला आणि रात्री नऊला. ऊन कुठपर्यंत येतं, भिंतीला हात लावला तर गरम लागते का, समोरच्या इमारतीतून काय दिसतं. रात्रीची नोंद मात्र बाहेरून करायची. घरात दिवे लावा, खाली उतरा आणि आपल्याच खिडकीकडे बघा. दिवसा ज्या जाळीदार कापडातून बाहेरचं कुणी आत पाहू शकत नाही, त्याच कापडातून रात्री दिवा लागला की आतलं सगळं दिसतं. उजेड ज्या बाजूला जास्त, ती बाजू दिसते. हा साधा नियम आहे, पण दुकानात दुपारी उभं राहून तो लक्षात येत नाही.

आता घटक. पहिला घटक दिशा.

पश्चिमेची खिडकी सगळ्यात त्रासदायक. दुपारनंतर सूर्य खाली उतरतो, त्यामुळे वरचा छज्जा काही उपयोगाचा राहत नाही. ऊन सरळ आडवं आत शिरतं, आणि नेमकं त्याच वेळी दिवसाचं तापमान सर्वात जास्त असतं. नागपूर, जळगाव, इंदूर, हैदराबाद अशा ठिकाणी उन्हाळ्यात पश्चिमेच्या खोलीत दुपारी बसवत नाही ते यामुळेच. पैसे मोजकेच असतील तर पहिला खर्च या खिडकीवर करा.

पूर्वेचं ऊनही आडवंच, पण सकाळचं. हवा अजून तापलेली नसते. तिथे प्रश्न उष्णतेपेक्षा झोपेचा. उन्हाळ्यात पाटणा, कोलकाता या बाजूला सूर्य पाच वाजताच उगवतो. तिथल्या पूर्वेकडच्या बेडरूमला अंधार करणारं कापड लागतं.

दक्षिणेची खिडकी समजून घेण्यासारखी आहे. दिल्लीत 21 जूनला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, क्षितिजापासून सुमारे 85 अंश वर. दोन-अडीच फुटांचा छज्जा असला तर ऊन आत येतच नाही. तेच 21 डिसेंबरला सूर्य फक्त 38 अंशांवर असतो, आणि ऊन खोलीत खोलवर शिरतं. दिल्लीच्या थंडीत ते ऊन हवंहवंसं वाटतं. म्हणजे उत्तर भारतात दक्षिणेच्या खिडकीला असे ब्लाइंड्स हवेत, जे हिवाळ्यात पूर्ण गोळा करून ठेवता येतील. मुंबईत डिसेंबरचा सूर्य 47 अंशांच्या आसपास असतो, आणि थंडी अशी नसतेच, त्यामुळे तिथे ते ऊन नकोसं होतं. एकाच दिशेची खिडकी, पण दोन शहरांत दोन वेगळी उत्तरं.

उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फार येत नाही. पण उन्हाळ्यात सूर्य वायव्येला मावळतो, त्यामुळे मे-जूनमध्ये संध्याकाळी थोडं ऊन उत्तरेतूनही येतं. तिथे मुख्य प्रश्न नजरेचा. हलकं कापड पुरतं.

दुसरा घटक हवा. किनाऱ्यावर, म्हणजे मुंबई, कोकण, गोवा, मंगळुरू, चेन्नई, दमटपणा आणि खारी हवा. लाकडी पट्ट्या वाकतात, साधे लोखंडी स्क्रू गंजतात, जाड कापडाला बुरशी धरते. उत्तरेत आणि राजस्थानात धूळ. तिथे आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड्स लावले तर प्रत्येक पट्टी म्हणजे धुळीचं एक फडताळ. आठवड्याला पुसायची तयारी असेल तरच घ्या.

तिसरा घटक आपण विसरतो. आपल्याकडे खिडकी उघडी असते. हे ब्लाइंड्स ज्या देशांतून आले तिथे वर्षातले बरेच महिने खिडकी बंद, आत हीटर किंवा एसी. आपल्याकडे संध्याकाळी वारा यावा म्हणून आपण खिडकी उघडतो, वर पंखा चालू. अशा खिडकीला रोलर ब्लाइंड लावला तर तो शिडासारखा फुगतो आणि खालची पट्टी चौकटीवर रात्रभर खटखट वाजते. म्हणून आधी ठरवा, ही खिडकी उघडी राहणारी आहे की बंद.

चौथा घटक खिडकीची बनावट. सरकती असेल तर फार अडचण नाही. पण झडपा आत उघडणाऱ्या असतील, तर चौकटीच्या आत बसवलेला ब्लाइंड झडप उघडूच देणार नाही. डासांची जाळी आत उघडते का, ग्रिलची कडी कुठे आहे, ग्रॅनाइटचा सिल किती पुढे आला आहे, एसीचा पाइप कुठून जातो, हे सगळं पाहायचं. आणीबाणीत उघडणारं ग्रिल असेल, तर तिथला ब्लाइंड एका हाताने झटकन वर गेला पाहिजे. आग लागली तर दोऱ्या सोडवत बसायला वेळ नसतो.

पाचवा घटक माणसं. घरात कोण राहतं? लहान मूल आहे का? हात वर न जाणारे वयस्कर कुणी आहेत का? रात्रपाळी करून दिवसा झोपणारं कुणी आहे का? यातल्या मुलांच्या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण आजच्या बोलण्यातला तो सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

आता पर्याय.

रोलर ब्लाइंड. एका नळीवर गुंडाळलं जाणारं सपाट कापड. स्वस्त, सुटसुटीत, धूळ कमी धरतो, जागा कमी खातो. याची कापडं तीन तऱ्हेची. एक साधं, उजेड गाळून आत देणारं. दुसरं सनस्क्रीन, बारीक जाळीचं. त्यावर 1 टक्का, 3 टक्के, 5 टक्के, 10 टक्के असे आकडे असतात. म्हणजे कापडात छिद्रांचा भाग किती. आकडा लहान तितकं ऊन कमी आणि बाहेरचं दृश्यही कमी. अभ्यासाच्या खोलीला 3 किंवा 5 टक्के चांगलं. यात एक गंमत आहे. गडद रंगाच्या जाळीतून बाहेरचं स्पष्ट दिसतं, फिक्या जाळीतून धूसर दिसतं. पण फिकी जाळी उष्णता जास्त परतवते. दृश्य हवं की गारवा, हे आपण ठरवायचं.

तिसरं कापड ब्लॅकआऊट. 1971 च्या युद्धात काचांना काळे कागद चिकटवलेले ज्यांना आठवतात, त्यांना या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. पण एक लक्षात घ्या. कापडातून उजेड येत नाही, कडेने येतो. दोन्ही बाजूंना ब्रॅकेट असल्यामुळे कापड नळीपेक्षा अरुंद असतं आणि प्रत्येक बाजूला बोटभर फट राहते. पूर्ण अंधार हवा असेल तर ब्लाइंड चौकटीच्या बाहेर, भिंतीवर, दोन्हीकडे चार-चार इंच जास्त घेऊन लावा. किंवा बाजूला उभे चॅनेल बसवून मिळतात ते घ्या.

झेब्रा ब्लाइंड. सध्या नवीन फ्लॅटमध्ये सगळीकडे दिसतो. एक पट्टा जाळीचा, एक भरीव, असं दुहेरी कापड. साखळी थोडी ओढली की पट्टे एकमेकांसमोर येऊन उजेड कमी-जास्त होतो. दिवाणखान्यासाठी छान. पण यातून पूर्ण अंधार मिळत नाही. बेडरूमला 'डे-नाइट' म्हणून विकला जातो, तेव्हा 'नाइट' या शब्दावर फार विसंबू नका.

व्हेनेशियन, म्हणजे आडव्या पट्ट्यांचा. याचं बलस्थान असं की पट्टी फिरवून ऊन छताकडे वळवता येतं. उजेड आत, झळ बाहेर, आणि वाराही थोडा येतो. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या स्वयंपाकघराला बऱ्या, कारण तेलाचा चिकट थर साबणाच्या पाण्याने निघतो. न्हाणीघराला पीव्हीसीच्या. खऱ्या लाकडाच्या पट्ट्या कोरड्या हवेतच घ्या. ज्या ठिकाणी दमटपणा आहे तिथे लाकडासारखं दिसणारं पीव्हीसी घ्या. रुंद मोठ्या खिडकीला लाकडी पट्ट्यांचं वजन फार होतं, तिथे एकाऐवजी दोन ब्लाइंड्स शेजारी-शेजारी लावावेत.

व्हर्टिकल, उभ्या पट्ट्यांचा. सरकारी कार्यालयात, बँकेत आपण तो पाहिला आहे. गॅलरीच्या रुंद सरकत्या दाराला तो खरोखर सोयीचा. पण घरात पंख्याच्या वाऱ्याने पट्ट्या हलत राहतात, आणि खालची बारीक साखळी मुलांच्या किंवा मांजराच्या तावडीतून फार दिवस वाचत नाही.

रोमन ब्लाइंड. कापडाचा, वर ओढला की घड्या पडतात. दिसायला सगळ्यात सुंदर, कापड आपल्या आवडीचं. पण वर गोळा झालेल्या घड्यांचा गठ्ठा खिडकीचा वरचा भाग अडवतो. म्हणून तो खिडकीच्या बराच वर बसवावा. गॅसच्या शेगडीजवळ कापडी ब्लाइंड कुठलाही नको, रोमन तर मुळीच नको.

हनीकोम्ब, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. आत पोकळ कप्पे असतात, त्यांत हवा अडकते, आणि अडकलेली हवा उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही. रजई जशी काम करते तसंच. शिमला, डेहराडून, लेह अशा थंड ठिकाणी, किंवा दिवसरात्र एसी चालणाऱ्या खोलीत याचा फायदा होतो. किंमत जास्त. खिडकी सदा उघडी ठेवणाऱ्याने यावर पैसे घालू नयेत, कारण हवा शेजारून वाहत असेल तर कप्प्यांचा उपयोग काय?

आणि शेवटी आपली बांबूची चिक. कॅन्टोन्मेंटच्या जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यात ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. कडेला निवारीची पट्टी, मागे कापडाचं अस्तर. वारा येतो, ऊन अडतं, आतून बाहेरचं दिसतं. गावोगावचे कारागीर ती मापाने बनवून देतात. ज्यांनी विदर्भात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून दुपार काढली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

चिकेचं एवढं कौतुक मी जुन्या आठवणींसाठी करत नाही. त्यामागे शास्त्र आहे. ऊन काचेतून आत येतं तेव्हा ते प्रकाशाच्या रूपात येतं. आत ते ब्लाइंडवर पडतं, ब्लाइंड तापतो आणि ती उष्णता खोलीत सोडतो. या उष्णतेला काच पुन्हा सहज बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे ऊन एकदा काचेच्या आत आलं की लढाई अर्धी हरलेलीच असते. तेच ऊन काचेच्या बाहेर अडवलं, तर तापते ती चिक, आणि ती उष्णता बाहेरच्या बाहेर वाऱ्यावर जाते. शत्रूला सीमेवर अडवणं आणि घरात आल्यावर अडवणं यात जो फरक, तोच हा. म्हणून पश्चिमेला गॅलरी असेल, तर महागड्या आतल्या ब्लाइंडपेक्षा गॅलरीच्या कडेला टांगलेली साधी चिक जास्त काम करते. वरच्या मजल्यावर वारा फार असेल तर खालून बांधायला हुक किंवा बाजूला तार लावून घ्या. आणि सोसायटीची परवानगी आधी घ्या, कारण इमारतीचं बाहेरून दिसणं हा बहुतेक सोसायट्यांत वादाचा मुद्दा असतो.

बाहेर लावणं शक्यच नसेल, तर आतल्या ब्लाइंडची काचेकडची बाजू पांढरी किंवा चकाकणारी घ्या. ती बाजू प्रकाश प्रकाशाच्याच रूपात परत पाठवते, आणि प्रकाश काचेतून बाहेर जाऊ शकतो. खोलीकडची बाजू कुठल्याही रंगाची चालेल.

आता मुलांचा मुद्दा. कृपया हा भाग लक्ष देऊन ऐका.

ब्लाइंडच्या दोरीचा किंवा साखळीचा खाली लोंबणारा फास लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकतो. अशा अपघातांत मुलं दगावली आहेत, जगभर. मूल पलंगावर किंवा सोफ्यावर चढतं, दोरीशी खेळतं, पाय घसरतो. ते ओरडू शकत नाही, कारण गळा आवळलेला असतो. शेजारच्या खोलीत आई असते आणि तिला काही ऐकू येत नाही. हे काही मिनिटांत होतं. अमेरिकेत याच कारणाने नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले आणि 1 जून 2024 पासून मापाने बनवून घेतलेल्या ब्लाइंड्सनाही मोकळ्या लोंबत्या दोऱ्या नसाव्यात असा निकष लागू झाला. आपल्याकडे दुकानात आजही लांब साखळीचा रोलर सर्रास मिळतो आणि बसवणारा माणूस ती तशीच सोडून जातो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून सांगायचं काम आपलं.

घरात लहान मूल असेल, किंवा सुट्टीत नातवंडं येत असतील, तर हे करा. शक्य तिथे दोरी नसलेला प्रकार घ्या. खालची पट्टी हाताने वर-खाली करायचा स्प्रिंगचा रोलर मिळतो. व्हेनेशियनमध्ये पट्ट्या फिरवायला दोरीऐवजी काठी मिळते. मोटारीचा प्रकार मिळतो. साखळीचाच घ्यायचा असेल, तर साखळी ताणून भिंतीला पक्की करणारा क्लिप बसवून घ्या, म्हणजे फास तयार होत नाही. जुन्या दोऱ्या असतील, तर जमिनीपासून किमान दीड मीटरवर, म्हणजे साधारण पाच फुटांवर, भिंतीत खुंटी ठोकून प्रत्येक वेळी त्यावर गुंडाळा. रोमन ब्लाइंडच्या पाठीमागेही दोऱ्या असतात, त्या विसरू नका. पाळणा, पलंग, खुर्ची खिडकीपासून दूर ठेवा. आणि भाड्याच्या घरात आधीच्या लोकांचे ब्लाइंड्स असतील, तर सामान लावायच्या आधी या दोऱ्या तपासा. बाकी सगळं चुकलं तर पैसे जातात. हे चुकलं तर काय जातं ते मला बोलायचं नाही.

मोटारीबद्दल दोन शब्द. उंचावरच्या खिडक्या आणि खांदे दुखणारे वयस्कर, यांना ती चैन नाही, सोय आहे. बॅटरीची मोटार घेतली तर वायरिंग तोडायला नको आणि वीज गेली तरी चालते, पण चार्ज करायला लागते. विजेवरची घ्यायची असेल तर खिडकीजवळ पॉइंट घराचं काम चालू असतानाच काढून घ्या.

आता माप. चौकटीच्या आत बसवायचा असेल, तर रुंदी तीन ठिकाणी घ्या: वर, मधे आणि खाली. आपल्या बांधकामात तिन्ही आकडे सहसा वेगळे येतात. त्यातला सर्वात लहान आकडा धरा. उंचीही तीन ठिकाणी घ्या. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर चौकट तिरकी आहे, तिथे बाहेरून लावणं बरं. माप मिलिमीटरमध्ये लिहा, आधी रुंदी, मग उंची. खोलीही मोजा, कारण आत बसायला नळीला आणि ब्रॅकेटला दोन-तीन इंच लागतात.

खर्चाचा हिशेब चौरस फुटावर असतो. समजा तुमची खिडकी 4 फूट रुंद आणि साडेचार फूट उंच आहे. आत बसवली तर 18 चौरस फूट. बाहेरून, सगळीकडे 4 इंच वाढवून, 4 फूट 8 इंच गुणिले 5 फूट 2 इंच, म्हणजे सुमारे 24 चौरस फूट. बिल एक तृतीयांशाने वाढलं. म्हणून दर विचारण्याआधी कुठे बसवणार ते ठरवा. आणखी एक विचारा, लहान खिडकीला किमान किती चौरस फुटांचे पैसे लावता? न्हाणीघराच्या दीड फुटी खिडकीला अनेकदा तिच्या मापापेक्षा बरंच जास्त बिल येतं ते यामुळे. अशा ठिकाणी काचेवर दुधी फिल्म चिकटवली की काम होतं, ब्लाइंड लागतच नाही.

बसवताना ब्रॅकेट कशात जातो ते स्वतः पाहा. वर काँक्रीटचा लिंटेल असतो, तिथे हॅमर ड्रिल लागतं. काही कारागीर तो त्रास टाळून पीओपीच्या पट्टीतच स्क्रू मारतात. चार महिन्यांनी ब्लाइंड पीओपीसकट खाली येतो. पुढे फॉल्स सीलिंग करणार असाल, तर आत लाकूड किंवा प्लाय आधीच घालून घ्या. काम संपल्यावर प्रत्येक ब्लाइंड पाच वेळा वर-खाली करून बघा, सरळ गुंडाळतो का ते पाहा, आणि मगच शेवटचे पैसे द्या. ऑर्डरच्या कागदावर खिडकीगणिक माप, आत की बाहेर, साखळी डावीकडे की उजवीकडे, कापडाचा क्रमांक आणि वॉरंटी हे सगळं लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं लक्षात राहत नाही, त्याच्याही आणि आपल्याही.

शेवटी निर्णय. एक नेहमीचं दोन बेडरूमचं घर धरू. पश्चिमेला गॅलरी, तिथे बांबूची चिक. दिवाणखान्याला झेब्रा किंवा 5 टक्क्यांचा सनस्क्रीन रोलर. आई-वडिलांची खोली, जिथे दुपारी झोप लागते पण वाराही हवा, तिथे व्हेनेशियन किंवा चक्क अस्तर लावलेला साधा कापडी पडदा. पूर्वेच्या बेडरूमला भिंतीवरून लावलेला ब्लॅकआऊट रोलर. मुलांच्या खोलीत बिनदोरीचा. स्वयंपाकघरात ॲल्युमिनियम, शेगडीपासून लांब. आणि उत्तरेच्या खिडकीला, समोर कुणी राहत नसेल, तर काहीही नको. उजेड येऊ द्या. तो फुकट आहे.

मी चक्क पडदा म्हणालो, ते जाणूनबुजून. ब्लाइंड्सचा विषय आहे म्हणून प्रत्येक खिडकीला ब्लाइंडच हवा असं नाही. पडदा धुता येतो, घर बदलताना घडी करून ट्रंकेत जातो, आणि वाऱ्यात वाजत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणि बदलीच्या नोकरीतल्यांनी मापाचे ब्लाइंड्स करून घेण्याआधी हा विचार जरूर करावा.

या आठवड्यात एवढंच करा. वही घ्या, खिडक्यांना क्रमांक द्या, चार वेळांच्या नोंदी सुरू करा. आणि आजच, हा भाग संपल्यावर, घरात एक फेरी मारून लोंबत्या दोऱ्या वर बांधा. त्याला पैसे लागत नाहीत.

जय हिंद.